रॉकचे बारा अल्बम : नव्या पोरांनी आधी काय ऐकावं?

सातरस्ता
मंडळी, एक काम घेऊन आलोय आणि तुमच्याशिवाय ते होणार नाही. आमच्या जुळे सोलापुरातल्या गच्चीवर रविवारी संध्याकाळी काही पोरं येतात, इंजिनिअरिंगची, पॉलिटेक्निकची, एकाकडे गिटार आहे, एकजण जे सापडेल ते बडवतो. पोरं गुणी आहेत पण त्यांना रॉक माहीत आहे ते रीलमधलं, म्हणजे कुठलातरी पंधरा सेकंदांचा रिफ, वर कुणीतरी बाइक चालवतंय. गाणं अख्खं ऐकलेलं नाही, अल्बम तर लांबच. परवा त्यांनीच विचारलं, दादा, सुरुवात कुठून करायची, यादी द्या.

तर बारा अल्बमची यादी करायची आहे. माझ्या अटी अशा, एका बँडचा एकच अल्बम, निवडक गाण्यांचे संग्रह चालणार नाहीत, स्टुडिओत केलेलाच पाहिजे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत एका बैठकीत ऐकवला पाहिजे, मधलं गाणं पुढे ढकलावंसं वाटलं तर तो अल्बम बाद.

माझी कच्ची यादी : बीटल्सचा रिव्हॉल्व्हर, हेंड्रिक्सचा आर यू एक्सपिरियन्स्ड, ब्लॅक सॅबथचा पॅरानॉइड, लेड झेपलिनचा चौथा, डीप पर्पलचा मशीन हेड, पिंक फ्लॉइडचा डार्क साइड ऑफ द मून, क्वीनचा अ नाइट ॲट द ऑपेरा, ईगल्सचा हॉटेल कॅलिफोर्निया, एसी/डीसीचा बॅक इन ब्लॅक, मेटॅलिकाचा मास्टर ऑफ पपेट्स, गन्स एन रोझेसचा ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन, निर्वाणाचा नेव्हरमाइंड.

कुठला काढायचा, कुठला घालायचा, कारणासकट सांगा. नुसतं "हा कसा नाही" म्हणून जाऊ नका.

पार्कचौक
ईगल्स काढ बे. एका गाण्यावर उभा आहे तो अल्बम. त्या गाण्याच्या शेवटी दोन गिटारी एकमेकीत गुंफल्यात ते मान्य, त्याला तोड नाही, पण तुझीच अट आहे ना की मधलं गाणं ढकलावंसं वाटलं नाही पाहिजे? इथल्या कितीजणांनी बाकीची गाणी नीट ऐकलीत सांगा. आणि मशीन हेडच्या जागी मेड इन जपान पाहिजे, त्याबद्दल मी मागे हटणार नाही.

सातरस्ता
ईगल्सचं शेवटचं गाणं द लास्ट रिसॉर्ट ऐक, सात मिनिटांच्या वर आहे, माणूस चांगली जागा शोधत पश्चिमेला जातो आणि जिथं जातो तिथली वाट लावतो, आपल्याकडं डोंगर कापून प्लॉट पाडताना बघितलेल्या माणसाला ते आत लागतं. तरी तुझं म्हणणं अगदीच खोटं नाही, मधली दोन-तीन गाणी माझ्याही हातून पुढे जातात. बघू, बाकीच्यांचं येऊ दे.

मेड इन जपान लाइव्ह आहे. अट स्टुडिओची.

पार्कचौक
मग अट चुकीची आहे! डीप पर्पल हा स्टेजवरचा बँड. ऑगस्ट १९७२, ओसाका आणि टोकियो, मूळात फक्त जपानसाठी काढायचा म्हणून केलेलं रेकॉर्डिंग. त्यात चाइल्ड इन टाइम बारा मिनिटांचं आहे आणि त्यात गायक गिलन जसा आवाज चढवतो, हळूहळू, पायरी पायरीनं, तसं स्टुडिओत झालेलं नाही. लॉर्डचा ऑर्गन आणि ब्लॅकमोरची गिटार समोरासमोर सवाल-जवाब करतात. ज्या पोरांच्या हातात वाद्य आहे त्यांनी हे ऐकलंच पाहिजे, कारण चुकीला दुरुस्ती नसताना पाच माणसं एकमेकांकडं बघत कशी वाजवतात ते त्यात कळतं. आपल्याकडं कुणी गवई रेकॉर्डवरून ओळखतो का? मैफल ऐकल्याशिवाय तो कळतच नाही.

अँपदुरुस्ती
दोघंही बरोबर आहात पण मशीन हेडची बाजू मी घेतो. डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं माँत्रे, तिथल्या कॅसिनोत रेकॉर्डिंग करायचं ठरलेलं, आणि आदल्या दिवशी झॅपा नावाच्या दुसऱ्या एका संगीतकाराच्या कार्यक्रमात कुणीतरी फ्लेअर उडवलं आणि अख्खा कॅसिनो जळाला. तळ्यावर धूर पसरलेला ह्यांनी हॉटेलातून बघितला आणि त्याचंच गाणं झालं. मग हिवाळ्यात बंद असलेल्या एका हॉटेलात, व्हरांड्यात गाद्या उभ्या करून, बाहेर रोलिंग स्टोन्सचा रेकॉर्डिंगचा ट्रक लावून अल्बम केला. म्हणजे स्टुडिओ नव्हताच. आवाज ऐकला तर कळतं, त्यात खोलीचा आवाज आहे, आज लॅपटॉपवर केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये खोली कुठंच नसते.

माझा धंदा आवाजाचा आहे, गणपतीत मंडळांचे सेट लावतो, बाकी वर्षभर अँप दुरुस्त करतो, त्यामुळं मी आवाजावरूनच बोलणार. पोरांना झेपलिनचा चौथा लावाल तेव्हा शेवटचं व्हेन द लेव्ही ब्रेक्स चांगल्या स्पीकरवर लावा, फोनवर नको. हेडली ग्रेंज नावाचं जुनं मोठं घर, त्याच्या जिन्याच्या तळाशी बॉनमचे ड्रम मांडले आणि दोनच माइक वर जिन्यात टांगले. ड्रमच्या तोंडाशी माइक नाही. म्हणून तो आवाज असा भिंतीला आपटून येतो. पुढं किती लोकांनी ते ड्रम उचलून आपल्या गाण्यात वापरले. गाणं मूळचं १९२९ चं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांचं, मिसिसिपीच्या महापुरावरचं. पोरांना हेही सांगा, मूळ कुणाचं ते कळलं पाहिजे.

धोटा
नमस्कार. मी फार लिहीत नाही पण सॅबथचं नाव बघितलं म्हणून लिहितो.

आमचं घर अशोक चौकाच्या बाजूला, घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कन्नड. वडील यंत्रमागावर, चादरीचा कारखाना, दोन पाळ्या. त्या मागांचा आवाज ज्यानं जवळून ऐकलाय त्यालाच कळेल, धोटा इकडून तिकडं जातो तो खटका आणि त्याच्याखाली लोखंडाचा जड ठोका, दिवसभर, रात्रभर. मी त्यातच मोठा झालो. पुढं कॉलेजात असताना एका मित्रानं नवी पेठेतून आणलेली कॅसेट दिली, त्यात सॅबथचं आयर्न मॅन होतं. मला एक शब्द कळला नाही, पण तो ठोका मला ओळखीचा होता. माझ्या घरच्या मागच्या बाजूचा ठोका होता तो.

नंतर सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याच्याबद्दल वाचलं. बर्मिंगहॅमचा पोरगा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला, सतरा वर्षांचा, कामाचा शेवटचा दिवस, आणि मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची पेरं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. दुसरा कुणी गिटार सोडून बसला असता. त्याच्या फोरमननं त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवाल्याची रेकॉर्ड आणून दिली, ज्याची दोन बोटं आगीत निकामी झाली होती तरी तो तसा वाजवायचा. मग आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांच्या टोप्या केल्या, वर चामडं लावलं, हलक्या तारा घातल्या. पुढं तारा सैल सोडून खालच्या सुरात लावायला लागला, १९७१ च्या मास्टर ऑफ रिॲलिटीवर ते नीट ऐकू येतं. सगळं हेवी मेटल ज्या जड आवाजावर उभं आहे तो आवाज एका कामगाराच्या तुटलेल्या बोटांतून आलाय.

सोलापूरच्या पोरांना हे पहिल्या दिवशी सांगितलं पाहिजे. रॉक म्हणजे इंग्लिश मीडियमच्या, गाडीतून फिरणाऱ्या पोरांचं काहीतरी आहे असं आपल्याकडं मानतात. माझ्या ओळखीत मागावर बोट गेलेली माणसं आहेत. त्यांच्या घरातल्या पोराला सॅबथ आपला वाटायला पाहिजे.

यादीत पॅरानॉइड ठेवा किंवा मास्टर ऑफ रिॲलिटी ठेवा, पण पहिल्या नंबरला ठेवा.

सातरस्ता
धोटा काका, हे तुम्ही लिहिलंत त्यासाठी तरी धागा काढल्याचं सार्थक झालं. पहिल्या रविवारी सॅबथच लावतो.

पॅरानॉइड ठेवतो कारण वॉर पिग्ज, आयर्न मॅन, हँड ऑफ डूम एका अल्बमवर मिळणं म्हणजे फारच झालं. आणि ज्या वर्षी पहिला अल्बम आला, फेब्रुवारी १९७० मध्ये, तोही एका दिवसात रेकॉर्ड केलेला, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हा आला. शीर्षकाचं गाणं तर अल्बममध्ये जागा उरली म्हणून घाईघाईत केलेलं.

रातवारा
वाचतेय कालपासून. मी मूळची विजापूर रोडची, सध्या पुण्यात. यादी चांगली आहे पण बारा अल्बम आणि एकही बाई नाही. गच्चीवर मुली येतात का? येत नसतील तर त्याचं एक कारण ही यादी असू शकतं. मी कॉलेजात असताना रॉक ऐकणाऱ्या मुलांच्या टोळक्यात मला कायम परीक्षा द्यावी लागायची, कुठल्या अल्बमचं कितवं गाणं, ड्रमर कोण, मुलांना कुणी विचारायचं नाही.

दोन नावं देते. एक, फ्लीटवुड मॅकचा रुमर्स, १९७७. पाच जण, त्यात दोन जोडपी, दोन्ही मोडायला आलेली, ड्रमरचंही लग्न मोडत होतं, आणि सगळे रोज एकाच स्टुडिओत येऊन एकमेकांबद्दलची गाणी एकमेकांना वाजवायला लावतायत. स्टीव्ही निक्स ड्रीम्स गाते तेव्हा ज्याच्याबद्दल गाते तोच गिटार वाजवतोय. क्रिस्टीन मॅकव्हीची गाणी वेगळीच, शांत, समजूतदार. द चेन हे एकच गाणं पाचही जणांच्या नावावर आहे आणि त्यातला तो शेवटाकडचा बेस, तो आला की मी आजही हातातलं काम थांबवते. तुमच्या "एकही गाणं ढकलायचं नाही" ह्या अटीला हा अल्बम तुमच्या बारापैकी निम्म्यांपेक्षा चांगला उतरतो.

दोन, जॅनिस जॉप्लिनचा पर्ल. ती ४ ऑक्टोबर १९७० ला गेली, अल्बम जानेवारी १९७१ मध्ये आला. एका गाण्यावर तिचा आवाज घ्यायचा राहिला होता ते तसंच नुसतं वाद्यांचं ठेवलंय. त्याच अल्बमवर मर्सिडीज बेंझ आहे, कुठलंही वाद्य नाही, नुसता आवाज, तिच्या मृत्यूच्या तीन दिवस आधीचा. गाणारी मुलगी कुणी असेल तर तिला हे ऐकवा, तिला कळेल की आवाज गोड असलाच पाहिजे असं काही नाही.

आणि डार्क साइड यादीत आहेच तर क्लेअर टॉरीचं नावही पोरांना सांगा. द ग्रेट गिग इन द स्काय मध्ये ज्या बाईचा शब्दांशिवायचा आवाज आहे ना, तिला रविवारी बोलावून तीस पाउंड दिले होते. बत्तीस वर्षांनी, २००५ मध्ये, कोर्टात गेल्यानंतर समझोता झाला तेव्हा गाण्याच्या कर्त्यांत तिचं नाव आलं.

पार्कचौक
रातवारा ताई, रुमर्सला माझं पूर्ण मत. ईगल्सच्या जागी सरळ रुमर्स घालावा, त्याच काळातला, त्याच किनाऱ्यावरचा आवाज, आणि कितीतरी सरस.

सातरस्ता
मान्य. ईगल्स बाहेर, रुमर्स आत. पर्लचं नाव बाजूला लिहून ठेवलंय. मुली दोघी येतात, एक कीबोर्ड वाजवते. तिला ही पोस्ट वाचायला देतो.

उद्यानएक्स्प्रेस
बेंगलुरूहून. माझा मुद्दा फ्लॉइडचा. डार्क साइड सगळेच सांगतात, १९७३ ते १९८८ मध्ये ७४१ आठवडे अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या खपाच्या यादीत होता हेही सगळे सांगतात. पण तो पोरांना आपोआप सापडणारच आहे, टी-शर्टवर आहे, मगवर आहे. आपण ज्यासाठी यादी करतोय ते म्हणजे जे आपोआप सापडणार नाही ते. म्हणून माझं मत ॲनिमल्सला, १९७७. तीन लांब गाणी, दोन छोटी, कुत्री डुकरं मेंढरं, माणसांच्या जाती पाडून दाखवल्यात. डॉग्ज सतरा मिनिटांचं आहे. सोलापुरातून नोकरीसाठी बाहेर पडलेल्या माझ्यासारख्याला ते गाणं ऑफिसात बसल्या बसल्या समजतं.

अँपदुरुस्ती
नाही पटलं. यादी नवशिक्याची आहे. डार्क साइड हा आवाजाचा अख्खा कोर्स आहे. त्यातल्या मनी गाण्याच्या सुरुवातीला नाणी आणि गल्ल्याचा आवाज ऐकू येतो ना, तो टेपचे तुकडे मोजून कापून, चिकटवून, त्याचं कडं करून फिरवलेलं आहे, सात मात्रांचं. आपल्याकडं रूपक तालात वाढलेल्या कानाला ते लगेच कळतं, ह्या पोरांना हातावर मोजायला लावा, मजा येते. टाइम गाण्याच्या सुरुवातीची घड्याळं रेकॉर्डिंग इंजिनिअर ॲलन पार्सन्सनं जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एक एक करून रेकॉर्ड केली. सुरुवातीला हृदयाचे ठोके, शेवटी हृदयाचे ठोके, मध्ये त्रेचाळीस मिनिटं. जो पोरगा पुढं कुठं साउंडला उभा राहणार असेल त्याला एवढा एक अल्बम पुरतो.

एक विनंती मात्र, मोफतच्या ॲपवर लावू नका. एका गाण्यातून दुसरं गाणं न थांबता निघतं तिथं मध्ये जाहिरात येते, आणि काही ॲप तर क्रमच बदलून टाकतात. मग अल्बम ऐकला असं म्हणताच येत नाही. फाइल घ्या, सीडी आणा, माझ्याकडं जुना सीडी प्लेअर आहे तो देतो, पण सलग लावा.

रातवारा
माझं मन मात्र फ्लॉइडच्याच विश यू वेअर हिअरकडं जातं. आपल्यातून हरवलेल्या मित्रासाठी केलेला अल्बम. १९६८ मध्ये सिड बॅरेट बँडमधून गेला, आणि जून १९७५ मध्ये त्याच्याचबद्दलच्या गाण्याचं काम चालू असताना तो स्टुडिओत येऊन उभा राहिला तर कुणी त्याला ओळखलंच नाही. हे माहीत असलं की त्या शाइन ऑन गाण्यातले गिटारचे ते चार सूर वेगळे ऐकू येतात. पण एकच ठेवायचा तर अँपदुरुस्ती म्हणतात तसं डार्क साइड ठेवा, भांडत नाही.

दुसरंवर्ष
नमस्कार, मी त्या गच्चीवरच्या पोरांपैकी एक. दादांनी लिंक पाठवली म्हणून खातं काढलं.

तुम्ही सगळे ज्येष्ठ आहात, राग मानू नका, पण यादीतला सगळ्यात नवीन अल्बम १९९१ चा आहे आणि माझा जन्म त्याच्या खूप नंतरचा. मला रॉक लिंकिन पार्कनं लावलं. हायब्रिड थिअरी, २०००. मोठ्या भावाच्या मेमरी कार्डात होता. मी झेडपीच्या शाळेत शिकलो, इंग्रजीची भीती वाटायची, इन द एंडचे शब्द वहीत लिहून काढून पाठ केले, तिथून इंग्रजी वाचायला लागलो. त्यांचा गायक चेस्टर बेनिंग्टन २०१७ मध्ये गेला तेव्हा आमच्या गल्लीत मी एकटाच रडलो असेन. सदतीस मिनिटांचा अल्बम आहे, एकही गाणं मी पुढं ढकलत नाही. अटीत बसतो. मग यादीत का नाही?

पार्कचौक
बाळा, ते निम्मं रॅप आहे.

दुसरंवर्ष
काका, झेपलिनचं निम्मं ब्लूज आहे.

उद्यानएक्स्प्रेस
पोरगा बरोबर बोलला. प्रत्येक पिढीत रॉकनं शेजारचं काहीतरी आत घेतलंय. बीटल्सनी सतार घेतली, पर्पलनं बाख घेतला, ह्यांनी हिपहॉप घेतलं. आणि "कशानं कान उघडला" ही कसोटी लावली तर आज सोलापुरात हायब्रिड थिअरीनं जितके कान उघडलेत तितके हेंड्रिक्सनं उघडले नसतील.

मेटॅलिकाला मात्र हात लावू नका. मास्टर ऑफ पपेट्सवर ओरायन आहे, आठ मिनिटं, एकही शब्द नाही, आणि त्यातला मधला बेसचा भाग क्लिफ बर्टनचा. अल्बम मार्च १९८६ मध्ये आला आणि सप्टेंबरात स्वीडनमध्ये बस उलटून तो गेला, चोवीस वर्षांचा. ३० ऑक्टोबर २०११ ला मेटॅलिका बेंगलुरूला आले तेव्हा सोलापूर स्टेशनवरून आम्ही मित्र उद्यान एक्स्प्रेसनं गेलो होतो, पॅलेस ग्राउंडवर पावसानं चिखल झालेला. ज्या लोकांना आपण कॅसेटवर ऐकलं ते समोर उभे. त्या दिवसापासून मला वाटतं की हे संगीत आपल्यापासून लांबचं नाहीच.

सातरस्ता
आता एक मोठा प्रश्न मांडतो, ज्यावर मी स्वतः कितीतरी रात्री विचार केलाय. मी यादीत बॉब डिलन घेतला नाही. मुद्दाम. हायवे ६१ रिव्हिजिटेड, १९६५, त्याशिवाय रॉकच्या गाण्यांना शब्दांचं वजन आलंच नसतं हे मला मान्य आहे, पुढं २०१६ मध्ये नोबेलही मिळालं. पण धोटा काका म्हणाले तेच खरं आहे, आपण हे संगीत शब्द न कळता ऐकायला लागलो. सोलापूरच्या माणसाला त्याची सवयच आहे. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर उभे राहा, एका कानात कन्नड, एका कानात तेलुगू, समोर मराठीत भाव चाललेला, मागं उर्दू. न कळणाऱ्या भाषेतलं गाणं ऐकायला आपल्याला लाज वाटत नाही, आपण सुरावर आणि ठोक्यावर धरून बसतो. म्हणून मी मनाशी कसोटी ठरवली, शब्द काढून घेतले तरी अल्बम उभा राहतो का? सॅबथ राहतो, फ्लॉइड राहतो, ओरायनला तर शब्द नाहीतच. डिलनचं काय?

रातवारा
मला ही कसोटी अर्धीच पटते. लाइक अ रोलिंग स्टोन शब्द न कळताही उभं राहतं. त्यातला तो ऑर्गन ऐका. अल कूपर गिटार वाजवायला म्हणून आला होता, ऑर्गनवाला नव्हताच, संधी साधून जाऊन बसला, आणि ऐकलंत तर कळेल की सूर बाकीच्यांच्या किंचित मागून येतात, कारण तो आधी कान देतोय आणि मग बोट ठेवतोय. त्या बावरलेपणातून आलेला आवाज पुढं सगळ्यांनी उचलला. सहा मिनिटांचं गाणं, त्या काळी रेडिओवर तीन मिनिटांच्या वर कुणी लावत नसे.

आणि दुसरं असं की शब्द नंतर कळणं ही पण एक भेट आहे. दुसरंवर्षनं वहीत शब्द लिहिले, तो हाच रस्ता आहे ना? आज नाही कळला डिलन तर पाच वर्षांनी कळेल, पण यादीत असेल तर कळेल.

धोटा
ताईंचं म्हणणं बरोबर आहे. पण मी दादांच्या बाजूनं. आधी कान, मग शब्द. कानाला पकड बसली नाही तर वही कुणी काढत नाही.

आणि भाषेचाच विषय निघालाय तर विचारतो, आपल्या देशातलं एकही नाव नाही का?

अँपदुरुस्ती
हे मी विचारणारच होतो. इंडियन ओशनचा कांदिसा, २०००. शीर्षकाचं गाणं केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची प्रार्थना, सिरियाक भाषेतली. हिल्ले ले गोरख पांडेंच्या कवितेवरचं. आणि मा रेवा, नर्मदेचं, खोऱ्यातल्या लोकांकडून आलेलं. त्यांचा बेसवाला राहुल राम स्वतः नर्मदा बचाव आंदोलनात होता, म्हणजे नदी पुस्तकातून नाही आली. ड्रम, तबला, बेस, अकूस्टिक गिटार, आणि कुणाची नक्कल नाही. सातरस्ता यांच्या शब्द काढून घेण्याच्या कसोटीला ह्याच्याइतका कुणी उतरत नाही, कारण शीर्षकाच्या गाण्याचे शब्द गाणाऱ्यांनाही बाहेरून शिकावे लागले असणार. असीम चक्रवर्ती २००९ मध्ये गेले, तबला वाजवत गाणारा तसा माणूस पुन्हा नाही झाला.

उद्यानएक्स्प्रेस
कांदिसाला जोरदार अनुमोदन. आणि पोरांना जोडणारे धागेही दाखवा. रिव्हॉल्व्हरवर लव्ह यू टू मध्ये तबला आहे तो अनिल भागवतांचा, कव्हरवर त्यांचं नाव छापलेलं आहे, १९६६ मध्ये. जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ मध्ये मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर फ्रेंड्स आणि फोर स्टिक्स रेकॉर्ड करून गेले, फोर स्टिक्स चौथ्या अल्बमवरचंच, ती मुंबईची रेकॉर्डिंग २०१५ मध्ये अधिकृतपणे बाहेर आली. आणि क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बुलसारा, पाचगणीच्या बोर्डिंगात शिकला, तिथंच पोरांचा पहिला बँड केला, द हेक्टिक्स. सोलापूरहून पाचगणी किती लांब आहे?

दुसरंवर्ष
फ्रेडी पाचगणीला होता????

आम्ही दहावीची सहल पाचगणीला नेली होती, टेबल लँडवर घोडे दाखवले, स्ट्रॉबेरी दाखवली, हे कुणी सांगितलं नाही.

रातवारा
आता सांग तुझ्या वर्गात सगळ्यांना.

सातरस्ता
सगळ्यांचं वाचून आता ठरवतो, कुठंतरी थांबलं पाहिजे.

सॅबथ पहिला. मग रिव्हॉल्व्हर, हेंड्रिक्स, झेपलिनचा चौथा, डार्क साइड, क्वीन, रुमर्स, मास्टर ऑफ पपेट्स, नेव्हरमाइंड, कांदिसा, हायब्रिड थिअरी. अकरा झाले. ईगल्स, गन्स एन रोझेस आणि एसी/डीसी बाहेर. ॲपेटाइट काढताना फार जड गेलं, पण त्यातल्या बाईबद्दलच्या काही ओळी मला त्या दोन मुलींसमोर बसून ऐकवाव्याशा वाटत नाहीत, ऐकायचं त्यांनी पुढं स्वतः ठरवावं. पर्ल आणि हायवे ६१ ही दोन नावं मी वेगळ्या पानावर लिहिलीत, बारा संपले की त्यांच्यापासून पुढची यादी सुरू करायची.

बारावा डीप पर्पल. इथं पार्कचौकचं ऐकतो आणि स्टुडिओची अट काढून टाकतो. मेड इन जपान. कारण ही पोरं वाजवणारी आहेत, आणि पाच माणसं एकमेकांचं ऐकत वाजवतात म्हणजे काय ते त्यांना मशीन हेडपेक्षा इथं जास्त कळेल.

अँपदुरुस्ती
मशीन हेडच हवा होता. पण लाइव्ह ऐकवणार असाल तर माझे मोठे स्पीकर घेऊन येतो, छोट्यावर तो ऑर्गन मरतो. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा आणि दहाच्या आत संपवा.

पार्कचौक
जपान आला हे उत्तम. पण बॅक इन ब्लॅक बाहेर हे मला अजिबात मान्य नाही सातरस्ता. फेब्रुवारी १९८० मध्ये बॉन स्कॉट गेला, आणि जुलैत नवा गायक घेऊन ह्यांनी काळ्या कव्हरचा अल्बम काढला, पाच महिन्यांत. पहिल्या गाण्याआधी घंटा. कुणाच्या मरणातून उठून कामाला कसं लागायचं ते त्या अल्बमइतकं सरळ कुणी सांगितलेलं नाही, आणि दहाच्या दहा गाणी घट्ट. हायब्रिड थिअरीला माझा विरोध नाही, पोरानं जे लिहिलं ते मनापासून लिहिलंय. पण मग निर्वाणा का ठेवला ते सांग. नेव्हरमाइंडचा दुसरा अर्धा भाग तू सलग ऐकतोस?

सातरस्ता
ऐकतो. ऑन अ प्लेन आणि समथिंग इन द वे साठी तर मी थांबून राहतो. समथिंग इन द वे मध्ये निर्वाणाचा गायक कोबेन जवळजवळ पुटपुटतो, आणि मागं चेलो. पहिल्या गाण्यातला आरडाओरडा ज्या माणसाचा तोच हा, हे सलग ऐकल्याशिवाय कळत नाही. तू ये रविवारी, तुझ्यासमोर लावतो, मग बोल.

पार्कचौक
येतो. बॅक इन ब्लॅक बरोबर घेऊन येतो, दोन्ही लागोपाठ लावू आणि पोरांना विचारू.

धोटा
मीही येतो. पॅरानॉइड लावताना वॉर पिग्ज पासून लावा, जवळजवळ आठ मिनिटांचं आहे, तेवढं होईपर्यंत फोन बाजूला ठेवायला सांगा पोरांना. येताना माझ्या कारखान्यातल्या दोन पोरांना आणतो, दोघांची पाळी सहाला सुटते, तेव्हा साडेसहाच्या आधी सुरू करू नका.